रेराचा नंबर मिळाला, पण पाणी कुठवर आलं होतं?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रांच्या पानावर विश्रामबागच्या एका वाचकांचं पत्र आलं होतं. जागेचे एजंट दोन्हीकडून टक्का खातात, आणि आता तर दहा हजार भरले की कुणालाही रेराचा, म्हणजे एजंट म्हणून सरकारी नोंदणीचा, नंबर मिळतो, असा एकूण सूर. टक्क्याचं त्यांचं म्हणणं मी खोडत नाही. पण ‘कुणालाही मिळतो’ हे वाचून हातातला चहा खाली ठेवला, कारण त्यातली ‘कुणीही’ मी आहे. मला नंबर मिळून पाच महिने झाले. मिळवायला त्याहून जास्त लागले.

मी सांगलीच्या गावभागात राहते. मारुती चौकाजवळ आमचं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं छोटं दुकान होतं. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली (इशारा ४० ला, धोका ४५ ला, सांगलीत हे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं). पाणी ओसरल्यावर शटर उघडलं तर फुलस्केप कागदाचे गठ्ठे पाणी पिऊन इतके फुगले होते की त्यांनी लोखंडी रॅकच्या फळ्या वाकवल्या होत्या. कागदाला एवढा जोर असतो हे तेव्हा कळलं. कर्ज काढून पुन्हा उभं राहिलो. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी. त्यानंतर आमच्या ह्यांनी शटर ओढलं ते ओढलंच, आणि कुपवाड एमआयडीसीत कामाला लागले. मी एका दस्तलेखकांकडं टायपिंगला बसले.

तिथं साडेतीन वर्षं काढली. खरेदीखत, साठेखत, हक्कसोड, बक्षीसपत्र, सगळं या बोटांखालून गेलं. सूची दोन (नोंदलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा) कशी वाचायची, फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याची नोंद मंजूर आहे की नुसती धरली आहे, बोजा, म्हणजे जागेवरचं कर्ज कुठं दिसतं, हे मी कुठल्या वर्गात शिकले नाही. टेबलावर एका बाजूला देणार, दुसऱ्या बाजूला घेणार, आणि मधे खुर्ची उलटी करून बसलेला एजंट. सातबारा त्याच्या हातात उलटा धरलेला मी दोनदा पाहिला आहे. दस्त झाला की आमचे दस्तलेखक त्यांचे ठरलेले पैसे घ्यायचे, मला महिन्याचा पगार, आणि तो उलट्या खुर्चीवाला एका सहीत माझा वर्षाचा पगार खिशात घालून चहा पाजायचा. कधीतरी मनात येणारच की, हे काम मला काय अवघड आहे?

रेरा म्हणजे घर-जागांच्या प्रकल्पांवर लक्ष ठेवणारा कायदा, २०१६ चा. त्याखालचं आपल्या राज्याचं प्राधिकरण, महारेरा, सुरू झालं २०१७ ला. महारेरात नोंद असलेल्या प्रकल्पातला फ्लॅट किंवा प्लॉट विकून द्यायचा तर एजंटाचीही नोंदणी लागते. एकट्या माणसाला फी १० हजार, फर्म किंवा कंपनी असेल तर १ लाख, मुदत पाच वर्षं. एकेकाळी फॉर्म आणि फी एवढ्यावर भागत होतं, आणि वाचकमहोदयांची माहिती तिथंच थांबलेली दिसते. १० जानेवारी २०२३ च्या आदेशानं महारेरानं प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. पहिली परीक्षा त्याच वर्षी २० मे ला झाली. जुन्यांनाही सुटका नव्हती. प्रमाणपत्र घेतलं नाही म्हणून २०२४ मध्ये सुमारे २० हजार एजंटांची नोंदणी स्थगित झाली.

प्रशिक्षण वीस तासांचं. माझे बरेचसे तास मोबाईलवर झाले, रात्री भाकऱ्या झाल्या की ओट्याला डबा टेकवून त्याला फोन लावायचा आणि वही घेऊन समोर बसायचं. शिकवणारे सर चांगले होते, पण त्यांची सगळी उदाहरणं मुंबईची. पुनर्विकास, टॉवर, पोडियम पार्किंग. आमच्याकडं पोडियम म्हणजे शाळेत पंधरा ऑगस्टला पाहुणे ज्याच्यामागं उभे राहतात ते लाकडी खोकं. तरी कामाचं बरंच मिळालं, नाही म्हणणार नाही. चटई क्षेत्र (घराच्या आतली वापरायची जागा) आणि सुपर बिल्टअप (त्यात भिंती, जिना वगैरेंचा वाटा धरून) यातला फरक मी इतकी वर्षं टाइप करत होते, समजला तो तिथं. करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांवर पैसे घेता येत नाहीत, हेही. आमच्या टेबलावर पाच-पाच लाखांच्या विसार पावत्या साध्या कागदावर झालेल्या मी पाहिल्या होत्या, आणि त्यातल्या काही माझ्याच हातच्या.

परीक्षेला पुण्याचं केंद्र आलं. पहाटेची एसटी, अर्धं तिकीट, कराडला दहा मिनिटं थांबा, तिथं वहीतलं एजंटाच्या कर्तव्यांचं कलम १० पुन्हा वाचलं. पर्यायांचे प्रश्न, संगणकावर. माझ्या शेजारी सत्तरीचे एक आजोबा होते, ‘माउस म्हणजे हाच ना?’ असं विचारून त्यांनी सुरुवात केली आणि माझ्या आधी उठून गेले. मी पास झाले. आजोबांचं कळलं नाही.

मग अर्ज. अर्ज ऑनलाइन असतो म्हणून सोपा असतो असं कुणी समजू नये. पॅन, आधार, फोटो ठीक. तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं मागतात. माझं उत्पन्न कधी करपात्रच नव्हतं, तर तसं लिहून द्यावं लागलं. धंद्याच्या जागेचा पुरावा म्हणून लाईट बिल जोडलं, ते सासऱ्यांच्या नावावर, आणि सासरे जाऊन सहा वर्षं झालेली. अर्ज परत आला. मग सासूबाईंचं संमतीपत्र, मृत्यूचा दाखला, असं सगळं करून पुन्हा पाठवला.

खरी मजा लेटरहेडची आणि शिक्क्याची. जे लेटरहेड, जो शिक्का, जी पावती तुम्ही वापरणार, त्यांचे नमुने अर्जासोबत द्यायचे असतात. मी शिक्केवाल्याकडं गेले.

तो म्हणाला, “वहिनी, नंबर सांगा, खाली टाकतो.”

“नंबर अजून आला नाही.”

“मग आला की या.”

“शिक्क्याचा नमुना दिला की नंबर येतो.”

त्यानं चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडं पाहिलं. “म्हंजे शिक्का न्हाई तर नंबर न्हाई, आन् नंबर न्हाई तर शिक्का अर्धा?” शेवटी एक शिक्का बिननंबराचा केला, अर्जापुरता. नंबर आल्यावर दुसरा. दोन शिक्क्यांचे पैसे गेले ते सोडा, पण तो माणूस अजून मला रस्त्यात बघितलं की ‘आला का नंबर?’ विचारतो.

आला. ‘ए’ या अक्षरानं सुरू होणारा. प्रमाणपत्र धंद्याच्या जागी दिसेल असं ठेवायचं असतं, म्हणून लॅमिनेट करून घेतलं. भिंतीला खिळा कुठं मारायचा यावर घरात चर्चा झाली नाही, कारण आमच्या घरात त्याचा नियम ठरलेला आहे. बाहेरच्या खोलीत २०१९ च्या पाण्याची रेघ अजून आहे, दोनदा चुना मारला तरी पावसाळ्यात वर येते. महत्त्वाचं सगळं त्या रेघेच्या वर. रेशनकार्ड, सासऱ्यांचा फोटो, मुलीची मार्कशीट, आणि आता महारेरा.

आता वाचकमहोदयांच्या मुद्द्यावर येते. नंबर म्हणजे नुसता शिक्का नव्हे हे वर सांगितलं. पण त्यांना जो राग आहे तो ज्या एजंटांचा, त्यातल्या निम्म्यांना हा कायदा लागतच नाही, हे कुणी बोलत नाही. प्रकल्पाची जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा सदनिका आठपेक्षा जास्त नसतील, तर प्रकल्पाची नोंदणीच लागत नाही. ५०० चौरस मीटर म्हणजे आपल्या भाषेत पाच गुंठ्यांना जरा कमी. सांगली-मिरजेत फिरून बघा, आठ फ्लॅटची अपार्टमेंट किती आहेत. नववा बांधायला जागा नव्हती असं नाही. शेतजमिनीच्या व्यवहारालाही रेरा नाही. आणि गुंठेवारी, म्हणजे परवानगीशिवाय पाडलेले गुंठा-दोन गुंठ्यांचे प्लॉट? ते नियमित करायला २००१ चा कायदा, २०२१ मध्ये त्याची मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं आत घेतली, पण कायद्याच्या आधीही आणि नंतरही लोक शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी करून गुंठा-दोन गुंठे घेतच राहिले. ते विकणारा माणूस चहाच्या गाड्यावर बसतो, त्याचं ऑफिस म्हणजे त्याची मोटारसायकल, आणि त्याला ना परीक्षा, ना अर्ज, ना लाईट बिल.

जो नोंदलेल्या प्रकल्पातला फ्लॅट बिननंबराचा विकतो, त्याला मात्र दंड आहे. दिवसाला १० हजार, मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत. म्हणजे एका दिवसाचा दंड आणि पाच वर्षांची फी सारखीच. हा हिशोब मी चहाच्या गाड्यावर एकाला सांगितला. तो म्हणाला, “मॅडम, दंड मागायला येणार कोण? बांद्र्याहून?” महारेराचं मुख्य कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे, तेवढं त्याला माहीत होतं.

हे सगळं चालायचंच. माझं दुखणं वेगळं आहे, आणि त्यासाठी हे पत्र.

नंबर आल्यावर दुसऱ्या महिन्यात एक जोडपं आलं. तो कुपवाडला नोकरीला, ती मिरजेच्या एका दवाखान्यात नर्स. नवं लग्न, कर्ज मंजूर होत आलेलं. नदीच्या अंगाला एका नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट त्यांनी जाहिरातीत पाहिला होता. बारा फ्लॅटची इमारत, महारेरात नोंद, कागद स्वच्छ. मी सूची दोन काढली, मंजूर नकाशा पाहिला, वेबसाइटवर प्रकल्पाचं पान पाहिलं, कशात काही खोट नाही. बिल्डरनं मला एक टक्का कबूल केला होता.

शनिवारी तिघं बघायला गेलो. बिल्डरचा माणूस किल्ल्या घेऊन हजर. खाली पार्किंगमध्ये उभे होतो, आणि त्या नर्सताईंनी विचारलं, “इथं पूर येतो का हो?” सांगलीत जागा बघायला आलेला माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो. भाव दुसरा.

तो म्हणाला, “ताई, पानी हितं कवा आलंच नाय. पलीकडच्या गल्लीपर्यंत आलतं.”

मी काही बोलले नाही. माझी नजर भिंतीवर गेली. पार्किंगच्या भिंतीवर बारा लाईट-मीटरांचा बोर्ड होता, आणि तो माझ्या डोक्याच्या वर हातभर उंच. रीडिंग घ्यायला येणाऱ्याला स्टूल लागेल एवढा. त्याखाली भिंतीत चारी बाजूंना एकही प्लग नाही. पाण्याच्या मोटारीचा स्टार्टर जिन्याच्या पहिल्या वळणावर चढवलेला. गावभागात आम्ही सगळ्यांनी २०१९ नंतर नेमकं हेच केलं. बोर्ड उंच घेतले, प्लग काढून वर नेले, इन्व्हर्टर माळ्यावर टाकला.

मी त्याला विचारलं, “दादा, पाणी आलंच नव्हतं तर मीटर एवढे वर कशाला बसवले?”

तो हसला. म्हणाला, “पोरं हात लावत्यात, म्हणून.”

मग मी त्या दोघांना बाजूला घेऊन सांगितलं. बोर्ड दाखवला, स्टार्टर दाखवला. सांगितलं की तिसऱ्या मजल्यावर पाणी येणार नाही, पण २०१९ ला वरच्या मजल्यावरची माणसं लाईट नाही, पाणी नाही अशी कितीतरी दिवस बसली होती आणि दूध बोटीतून आलं होतं. पालिकेच्या नकाशात निळी रेषा कुठं, लाल रेषा कुठं ते बघून मग ठरवा. निळी म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा. आम्ही गावभागातल्यांनी २००५, २०१९, २०२१ असे तीन मोजले, सोळा वर्षांत.

संध्याकाळी बिल्डरचा फोन. “तुम्ही आमच्या बाजूच्या की त्यांच्या?” मला त्या क्षणी एसटीत वाचलेलं कलम १० आठवलं. घेणाऱ्याला हक्काची असलेली माहिती आणि कागद एजंटानं त्याच्यापर्यंत पोचवायचे, खोटं सांगायचं नाही, असं त्यात आहे. मी तसं म्हणाले. तो म्हणाला, पूर आला होता असं कुठल्या कागदावर आहे ते दाखवा.

आणि इथं मी गप्प झाले. कारण मी तपासलेल्या कागदांत ते कुठंच नव्हतं. सूची दोनवर नाही, सातबाऱ्यावर नाही, करारनाम्याच्या चतुःसीमेत तर नाहीच. साडेतीन वर्षं मी चतुःसीमा टाइप केल्या, पूर्वेस रस्ता, पश्चिमेस अमुक यांचा प्लॉट, उत्तरेस ओढा. ओढा लिहितात, ओढ्याचं पाणी कुठवर चढतं ते लिहीत नाहीत.

वर्गात मी हे विचारलं होतं. वीस तासांतल्या शेवटच्या दिवशी, “सर, पूररेषेबद्दल गिऱ्हाइकाला सांगणं आमच्यावर बंधनकारक आहे का?” सर थोडं थांबून म्हणाले, “तो स्थानिक विषय आहे.” त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही, त्यांना राज्यभराच्या लोकांना शिकवायचं असतं. पण जागा म्हणजे स्थानिक विषयच ना? सांगलीतला फ्लॅट वांद्र्यात नेऊन कोण राहणार आहे?

त्या जोडप्यानं पुढं काय केलं, तर तोच फ्लॅट घेतला. चहाच्या गाड्यावरच्या माणसाकडून, भाव थोडा पाडून. पाडायला बहुधा माझाच मीटरचा बोर्ड उपयोगी पडला असणार. माझा टक्का गेला. नर्सताईंचा मात्र नंतर मेसेज आला, ‘वहिनी, तुम्ही सांगितलं म्हणून आम्ही इन्व्हर्टर मोठा घेतला.’ यावर हसावं की काय ते मला अजून कळलेलं नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. महारेरानं परीक्षा ठेवली हे बरं केलं, ती अवघड करा हवी तर. पण त्या वीस तासांतला एक तास ज्या त्या जिल्ह्याला द्या. आमच्याकडं पूररेषा, गुंठेवारी आणि तुकडेबंदी (ठरावीक मापाहून लहान तुकडे पाडून जमीन विकायला बंदी). कोकणात दुसरं काही असेल, खाणींच्या मुलखात तिसरं. आणि प्रकल्पाच्या पानावर बिल्डरानं निळी-लाल रेषा आणि २०१९ ची पातळी स्वतःच्या सहीनं लिहावी. म्हणजे उद्या मला कुणी ‘कागद दाखवा’ म्हणालं तर दाखवता येईल. आपल्या जिल्ह्यातल्या बिल्डरांच्या संघटनांनी वरून आदेश यायची वाट न बघता हे सुरू केलं तर कोण अडवणार आहे? मीटर वर चढवायला कुणाचा आदेश आला नव्हता.

पत्र लांबलं, कात्री लावायला हरकत नाही. पण एक गोष्ट कापू नका, ती आपल्याबद्दलच आहे. नोंदणी झालेल्या प्रकल्पाच्या जाहिरातीत नंबर आणि १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही लागतो. गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत मोठ्या जाहिरातींवर तो होता. छोट्या जाहिरातींत मी बोट ठेवून मोजलं. फ्लॅट-प्लॉटच्या अकरा, नंबर तिघांचा. बाकीच्यांत ‘क्लिअर टायटल’, ‘निसर्गरम्य’, ‘नदीकिनारी’. नदीकिनारी हा आपल्याकडं कधीपासून गुण झाला?

छोट्या जाहिरातीचा फॉर्म मी परवा आपल्या कार्यालयातून आणला, माझी जाहिरात द्यायची आहे. त्यात नाव, फोन, मजकूर, शब्दसंख्या असे रकाने आहेत. त्याखाली बोटभर जागा मोकळी आहे. तिथं एक रकाना रेराच्या नंबराचा घाला. आणि शेजारी अजून एक बसला तर ‘२०१९ चं पाणी कुठवर?’

आपली,
एक वाचक आणि नोंदणीकृत एजंट,
गावभाग, सांगली

(नाव, पत्ता व नोंदणी क्रमांक सोबतच्या चिठ्ठीत दिला आहे. नाव छापू नये, शिक्केवाला पुन्हा विचारेल.)